क्लब शेठच्या हातात गेला, आता काय? आंदोलन करू पाहणाऱ्या चाहत्यांसाठी

एका जूनमध्ये आमच्या फुटबॉल क्लबच्या गेटवर नवा फलक लागला. वर शेठच्या फर्मचं नाव ठळक, क्लबचं जुनं नाव खाली बारीक, आणि त्याच्याही खाली टर्फचा तासाचा दर. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली पोरं ज्या मैदानावर अनवाणी खेळून मोठी झाली, तिथे आता संध्याकाळी पैसे मोजून आत जायचं. त्या रात्री आम्ही तीस-चाळीस जण मोटारसायकलींवरून थेट शेठच्या बंगल्यावर गेलो. अर्धा तास घोषणा दिल्या, कोणीतरी कुंडी फोडली. दुसऱ्या दिवशी पेपरात शेठ बिचारा आणि आम्ही टवाळखोर. पाच जणांना पोलिसांची नोटीस. दर मात्र होता तोच.

पुढचे चौदा महिने आम्ही सगळं पुन्हा, नीट केलं. त्यातून शिकलेलं आणि बाहेरच्या चाहत्यांनी करून दाखवलेलं इथे एकत्र लिहितोय. धुळे, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव, कुठेही हाच प्रकार होऊ शकतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मालकाला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं म्हणून तो क्लबमध्ये आलेला असतो. मोठ्या क्लबात तिकिटाचे आणि टीव्हीचे पैसे, आपल्याकडे बहुतेक वेळा गर्दी, फोटो आणि पुढची नगरपालिका निवडणूक. ते नेमकं काय आहे हे शोधायचं आणि तेवढंच द्यायचं थांबवायचं. ढोल, फलक, मोर्चा हे सगळं त्याच्यानंतर.

मागणी एका दमात सांगता आली पाहिजे

फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या मालकांनी नव्या स्टँडमधल्या सर्वांत महागड्या तिकिटाचा दर ७७ पौंड जाहीर केला. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून घरी गेले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि तो दर मागे घेतला. मागणी कळायला भाषणाची गरज नव्हती, घड्याळात दिसत होती.

कोलकात्यात २०२० मध्ये मोहन बागानचं फुटबॉल एटीके या दुसऱ्या क्लबशी जोडलं गेलं आणि नावापुढे ती तीन अक्षरं आली. चाहत्यांची मागणी दोन शब्दांची: ‘रिमूव्ह एटीके’. मालक बदला, प्रशिक्षक काढा, असलं काही त्यात मिसळलं नाही. जवळपास तीन वर्षं हे चाललं. १८ मार्च २०२३ ला संघाने आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना जिंकला आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलण्याची घोषणा केली.

आता मँचेस्टर युनायटेड बघा. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. तेव्हापासून चाहते ‘ग्लेझर आउट’ म्हणताहेत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिस्सा घेतला, बहुमत अजून त्या कुटुंबाकडेच. विकत घेतलेली वस्तू कायद्याने त्याची असेल, तर ‘चालते व्हा’ या मागणीला वीस वर्षंही कमी पडतात.

आमच्या पहिल्या पत्रकात अकरा मागण्या होत्या, पहिली ‘शेठ हटाव’. आमचे जुने गोलकीपर आप्पा तेवढंच वाचून म्हणाले, “हटला तर लाइटबिल कोण भरेल, तू?” मग तीनच उरल्या: सकाळ-संध्याकाळ मैदान क्लबच्या पोरांना मोफत, जुनं नाव परत, तीन वर्षांचे हिशेब.

मालक नक्की कशाचा मालक आहे?

या कामाला दोन महिने द्या. कंटाळवाणं आहे, पण आमची लढाई इथेच फिरली.

युरोपात मोठा क्लब बहुतेक वेळा कंपनी असतो, तिचे शेअर असतात, ते विकता येतात. खान्देशातले बहुतेक क्लब म्हणजे नोंदणीकृत संस्था: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात त्याचबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. अशा संस्थेला मालक नसतोच. आमचा शेठ कागदावर फक्त अध्यक्ष होता. आम्हीच त्याला दीड वर्ष मालक, मालक म्हणत बसलो होतो, आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

तेव्हा आधी सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात जा, म्हणजे लोक ज्याला धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस म्हणतात तिथे. क्लबचा नोंदणी क्रमांक जुन्या पावतीवर किंवा लेटरहेडवर मिळतो. संस्था असेल तर त्यात ‘एफ’ अक्षर असतं. नकलेसाठी अर्ज करून चार कागद काढा. परिशिष्ट एकचा उतारा, त्यात विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती ते कळतं. संस्थेची घटना, म्हणजे नियमावली. गेल्या काही वर्षांचे ऑडिट. आणि चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली हा रिपोर्ट द्यावा लागतो. अनेक ठिकाणी नवी मंडळी खुर्चीत बसलेली असतात आणि रेकॉर्डवर मात्र वारलेल्या माणसांची नावं. आमच्याकडे तेच निघालं.

मग जमिनीकडे वळा. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. जागा संस्थेची असेल तर कलम ३६ वाचून घ्या: विक्रीला किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. जागा नगरपालिकेची असेल तर विकास आराखड्यात ती ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित आहे का, आणि कोणत्या करारावर कोणाला दिली, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द; आमच्या पोराने पाच पानी निबंध पाठवला होता, तो परत आला. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. रेल्वेची जागा असेल तर केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो.

क्लब खरोखर कंपनी असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे दाखल कागद कोणालाही बघता येतात. संचालक कोण आणि कर्ज किती, तिथे दिसतं.

घटनेत दोन कलमं मुद्दाम शोधा. सभासद कोण होऊ शकतो, आणि किती सभासदांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. मग जुन्या सभासदांच्या घरी जा, पेट्या उघडायला लावा. आम्हाला १९९० च्या दशकातल्या ५१ रुपयांच्या एकोणीस पावत्या मिळाल्या. एक तर गाथेत खूण म्हणून ठेवलेली. त्या एकोणीस पावत्यांनी जे केलं ते आमच्या चारशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने केलं नाही.

माणसं कोण, आणि कोण नको

सात जण पुरे. एक कागदवाला, एक खजिनदार, एक पोलिसांशी बोलणारा (शांत डोक्याचा, शक्यतो पंचेचाळिशीच्या पुढचा), एक फोटो आणि फोन सांभाळणारा, मुलींच्या संघातली एक, पालकांपैकी एक आणि एक जुना खेळाडू. व्हॉट्सॲप ग्रुप दोन ठेवा. मोठ्यात फक्त सूचना जातील. मोठ्या ग्रुपवर टाकलेला प्रत्येक बेत अर्ध्या तासात शेठच्या मोबाइलवर पोचतो, हे गृहीतच धरा.

आमच्या गावात एक अडचण खास आहे. निम्मे चाहते रेल्वेत. सरकारी आणि रेल्वे नोकरांना आचरण नियम लागू असतात. त्यांची सही निवेदनावर घेऊ नका, त्यांना फलक धरून पुढे उभं करू नका. ते पाण्याचे जार आणतील, वर्गणी देतील, जुने कागद शोधतील. अठरा वर्षांखालच्या पोरांना मोर्चात आणूच नका, मग ते स्वतः कितीही उड्या मारत असले तरी.

पुढारी येणारच. स्थानिक नगरसेवकाला हाकलून देऊ नका, पण झेंडा आणि माइक मिळणार नाही हे आधी सांगा. “भाऊ, या, सतरंजीवर आमच्यासोबत बसा.” एवढं ऐकून आमच्याकडच्या तिघांपैकी दोघं आलेच नाहीत.

वर्गणी आपसातच घ्या, पावती द्या आणि दर रविवारी हिशेब ग्रुपवर टाका. दुसऱ्याकडे हिशेब मागायला निघालेल्या माणसाचा स्वतःचा हिशेब चोख हवा. बाजारात डबा घेऊन फिरू नका. सार्वजनिक वर्गणीला वेगळी परवानगी लागू शकते आणि शेठचा वकील नेमकं तेच धरतो.

हत्यार कोणतं निवडायचं

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल क्लबच्या चाहत्यांनी मालक ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध ‘एक पैसाही जास्त नाही’ असं ठरवून वर्षानुवर्षं घरच्या सामन्यांकडे पाठ फिरवली. २०१९ मध्ये न्यायालयाने क्लबवर रिसीव्हर, म्हणजे कारभार ताब्यात घेणारा माणूस नेमला, आणि मार्चमधल्या एका घरच्या सामन्याला पंधरा हजारांवर लोक परतले. रिकामी खुर्ची बोलते, पण तिला वेळ लागतो आणि घरी बसणाऱ्याचा जीव जळतो.

मँचेस्टरवाल्यांनी २०१० मध्ये वेगळा मार्ग काढला. क्लबचा लाल स्कार्फ घेतला की पैसे मालकाला. मग त्यांनी हिरवा-पिवळा स्कार्फ काढला. क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथ नावाने सुरू झाला तेव्हाचे हे रंग. निषेधही झाला आणि दुकानातला गल्लाही हलका. आपल्याकडे जुन्या जर्सीचा रंग शोधून साधा सुती रुमाल काढता येतो. आम्ही उपरणी शिवून घेतली, घाऊक कापड घेतल्यावर अगदी स्वस्तात.

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे राहतं, ५०+१ नियमामुळे. तरीही २०२३-२४ च्या हंगामात लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला माध्यम हक्कांच्या उत्पन्नात हिस्सा द्यायचं ठरवलं. चाहत्यांनी सामन्याची पहिली बारा मिनिटं तोंडातून शब्द काढला नाही, मग मैदानात टेनिस बॉल आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकली. सामने पुन्हा पुन्हा थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

टेनिस बॉलचा मोह आम्हालाही झाला होता. करू नका. तिथे चाहत्यांची संघटित ताकद आहे, वकील आहेत, अनेक दशकांची सवय आहे. इथे फेकलेल्या टेनिस बॉलची फिर्याद दगडफेक म्हणून होते. मैदानात घुसणंही तसंच. २ मे २०२१ ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात लोक घुसले, लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला, जगभर बातमी झाली; पण बाहेरच्या झटापटीत पोलीस जखमी झाले आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा त्याचीच. छोट्या क्लबचा सामना रद्द झाला तर गुण आपल्याच पोरांचे जातात.

पुतळा, गाढवावरून धिंड, चपलांचा हार: खान्देशी माणसाला याची भारी हौस. फोटो झकास येतात आणि तेच फोटो विरुद्ध बाजूच्या फाइलला लागतात. शेठच्या घरी जाऊ नका, त्याच्या बायकापोरांचं नाव घेऊ नका. आणि जात? घोषणेत शेठच्या समाजाचा उल्लेख आला की त्या क्षणी आंदोलन संपलं असं समजा, कारण मग तुमचेच निम्मे लोक घरी जातात, आणि ते बरोबर करतात.

बेमुदत उपोषणाबद्दल वेगळं सांगतो, कारण प्रत्येक बैठकीत कोणीतरी ते काढतंच. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव बोलले, जनमत तयार केलं; अन्न शेवटी सोडलं. आपल्याकडे लोक पहिल्या दिवशी उपोषणाला बसतात आणि तिसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या हातून लिंबूपाणी घेऊन आश्वासनावर उठतात. टर्फच्या दरासाठी प्राण पणाला लावू नका.

आमच्या शेठला गर्दी हवी होती. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांच्या नावाची स्पर्धा, अंतिम सामन्याला मोठे पाहुणे, ड्रोनवाला फोटोग्राफर. आम्ही ठरवलं: पहिला हाफ आत कोणी जायचं नाही. गेटबाहेर, रस्ता मोकळा ठेवून, सतरंज्यांवर दोनशे माणसं, गळ्यात जुन्या रंगाची उपरणी, घोषणा बंद. आत पाहुणे रिकाम्या पायऱ्यांकडे बघत बसले. हाफटाइमला सगळे रांगेने आत गेलो आणि दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवल्या. खेळाडूंना सामना सोडायला आम्ही कधीच सांगितलं नाही. त्यांच्या करिअरवर आपली लढाई लढू नये. त्या संध्याकाळी शेठचा पहिला फोन आला.

पोलीस ठाणे

किमान आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांची नावं आणि नंबर. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. सण-उत्सवांच्या आसपास जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी असते. तो आदेश आहे का, हे अर्ज देतानाच विचारा. पूर्वीच्या १४४ ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे, आणि आंदोलनाआधी जी ‘१४९ ची नोटीस’ यायची ती आता १६८ खाली येते. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. घ्या, सही करा, प्रत ठेवा, आणि ठरल्याप्रमाणे शांतपणे वागा. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी, आणि रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद.

परवानगी नाकारली तर लेखी मागा. बंदी झुगारून बसायचं की नाही, हा निर्णय वकिलाशी बोलून आणि प्रत्येकाला परिणाम सांगून घ्या. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा तुमच्यात असतोच. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर तुम्ही त्याच्या आईला काय सांगाल?

त्या दिवशी

मे महिन्यात भुसावळात दुपारी आंदोलन ठेवणारा माणूस खान्देशचा नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी साडेसहा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाईच्या सणाच्या रविवारी कोणी येणार नाही, ते दिवस सोडा. दहा स्वयंसेवक, हाताला एकाच रंगाची फीत. संपायची वेळ जाहीर करा आणि त्या मिनिटाला उठा. कचरा उचलून मगच जा. आमचा हा फोटो निषेधाच्या फोटोपेक्षा जास्त फिरला. घोषणा बोलीतल्या ठेवा. अमळनेरहून आलेल्या एका भाच्याने दिलेली आमची आवडती होती: “मैदान आमनं शे, दुकान नही!”

पेपरात काय द्यायचं

एक पान, मजकूर दुपारपर्यंत, फोटोतल्या लोकांची नावं डावीकडून उजवीकडे. ‘शेठने पैसे खाल्ले’ असं कधीही लिहू नका, फेसबुकवर तर नाहीच. बदनामीचा खटला फुकटात पदरात पडतो. ‘२९ तारखेच्या अर्जाला अद्याप उत्तर नाही, तीन वर्षांचे हिशेब मिळालेले नाहीत’ असं लिहा. जे कागदावर आहे तेवढंच.

बोलणी

फोन आला की पोटात गुदगुल्या होतात. एकट्याने जाऊ नका, तिघं जा, आणि चहा घेतला तरी शब्द देऊ नका. शेठ पहिल्या बैठकीत गोड बोलेल, दुसऱ्या बैठकीत तुमच्यातल्या एकाला कार्यकारिणीत घेतो म्हणेल. हा फार जुना डाव आहे. आम्ही आधीच ठरवलं होतं की पद घ्यायचं ते सर्वसाधारण सभेतल्या निवडणुकीतूनच. तरी एक जण फुटला. त्याच्याशी आता बोलतो, पण भरीत पार्टीला नाही बोलवत.

तोंडी ठरलेलं त्याच संध्याकाळी लिहून त्यालाच पाठवा: “आज आपलं असं असं ठरलं.” जमलं नाही तर कागदांसह धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा. सभासद हा कायद्याच्या भाषेत ‘हितसंबंधित व्यक्ती’ असतो. गंभीर कसूर असेल तर कलम ४१ डी खाली विश्वस्ताला दूर करण्याची कारवाई होऊ शकते. वेळ लागतो, पण अर्जाचा नंबर पडल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

आणि जिंकलात तर लगेच घटना दुरुस्त करा. नाव, रंग आणि मैदान दोन तृतीयांश सभासदांच्या मताशिवाय बदलता येणार नाही, असं कलम घाला. इंग्लंडला एवढ्यासाठी संसदेत कायदा करावा लागला, २०२५ मध्ये. आपलं काम आपल्याच सभेत होतं.

हरलात तरी वाट आहे. २००२ मध्ये लंडनमधल्या विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. अगदी खालून सुरुवात केली. २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेन परिसरात परतला. आपल्याकडे नवीन संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. ती तुमच्याकडे आधीपासून आहेत.

आमचं काय झालं? मैदान सकाळी पूर्ण आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत पोरांना मोफत, त्यानंतर टर्फ चालतं आणि त्यातून लाइटबिल निघतं. जुनं नाव वर आलं, शेठच्या फर्मचं खाली गेलं. हिशेब दोन वर्षांचे मिळाले, तिसऱ्याचा अर्ज चालू आहे. शेठ अजून सामने बघायला येतो, तिसऱ्या पायरीवर बसतो. गेटच्या कुलपाला आता दोन किल्ल्या आहेत, एक त्याच्याकडे, एक आप्पांकडे. आणि साडेपाचला आप्पा आधी पोचतात.